हुर्राकचा भुगा

“वहिनी, तुम्ही चाखा ना,” वैजू म्हणाली आणि तिनं पळी माझ्या तोंडासमोर धरली.

कोकमानं पळी लालभडक झाली होती. मी फणसाखाली उकिडवी बसून गोणपाटातली बर्फाची लादी फोडत होते. हात गारठून बधिर झाले होते आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन.

“मिसळलंस तू, तर चाख पण तूच,” मी म्हटलं.

“माझ्या जिभेला काय कळतंय? तुमची जीभ सात वर्षांची मुरलेली.”

ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या आमच्या सासूबाई, आई, हसल्या. “वैजूला जीभ कशाला हवी गो? ती नाकानं सांगते सगळं.”

मी पळीला नुसते ओठ लावले. गोड बेताचं, कोकम पुरेसं, हुर्राक कोवळा आणि सुगंधी. नाव ठेवायला जागा नव्हती.

“बरंय,” मी म्हटलं आणि लादीवर असा घाव घातला की बर्फाचा तुकडा उडून कोंबडीच्या अंगावर गेला.

आमचं घर गोव्यात, पेडण्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. वर काजूची बाग, खाली ओहोळ आणि मधे भट्टी. होळीच्या सुमाराला बोंडू पिकायला लागले की भट्टीत जी आग लागते, ती मे सरेपर्यंत विझत नाही. बोंडू तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा आणि भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या हंड्यात, घालून चढवायचा. पहिल्या वाफेची जी दारू उतरते ती हुर्राक. हिची फेणीसारखी वर्षानुवर्षं बरणीत बसायची तयारी नसते; उन्हाळ्याबरोबर येते, उन्हाळ्याबरोबर जाते. म्हणून भट्टी थंड झाली की त्या रविवारी आमच्या अंगणात सगळे सोयरेधायरे दुपारचे जमतात आणि उरलेल्या हुर्राकचा भुगा होतो.

भुगा हे आमच्या घरातलंच नाव. शहाळ्याचं पाणी, साखर घातलेला कोकमाचा रस आणि हुर्राक, हे सगळं आईस्क्रीमच्या जुन्या पॉटात घालून फिरवायचं. दारू फ्रिजमध्ये धड गोठत नाही. तिला लाकडी बादलीतला बर्फ लागतो, बर्फात मिठागराचं जाडं मीठ लागतं, आणि तासभर दांडा फिरवणारे हात लागतात. आईस्क्रीमसारखा दांडा जड होऊन अडत नाही. फक्त त्याचा आवाज बदलतो. आधी डबडब, मग खसखस, आणि शेवटी वाळूवरून कुणी अनवाणी चालावं तसा. तो आवाज आला की थांबायचं. झाकण काढलं की आत जांभळट लाल, दाणेदार, जिभेवर ठेवताच विरणारा भुगा.

सात वर्षं तो माझ्या हातचा होता. पाहुणे फाटकातूनच ओरडत यायचे, “शेवंते, झाला का गो भुगा?” त्या वर्षी मात्र सकाळी आई म्हणाल्या, “आज मिसळू दे वैजूला. तू दांडा फिरव.”

भुग्यापुरतं असतं तर मी गिळलं असतं. पण आईंचे गुडघे गेले होते. भाणासमोर उकिडवं बसणं त्यांना जमेना. आमच्याकडे भट्टीची आग बायकांच्या हातात असते; आईंना ती त्यांच्या सासूनं दिली होती. पाडव्यालाच त्या बोलून बसल्या होत्या, “भुग्याच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगेन, पुढल्या वर्षी आग कुणाची.”

सात वर्षं मी त्यांच्या मागे बसून शिकले होते. करवंटीतून धार सोडायची, तिच्यावर उठणारे फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते पाहायचं, मग थेंब जिभेवर घ्यायचा. धुरानं माझ्या पापण्या झडल्या होत्या. माझ्या लेकीला, चिमीला, मी भट्टीच्या उबेला निजवून वाढवली होती. लोकांना सासरी मुलगा झाला की पाय रोवल्यासारखं वाटतं. मला ज्या दिवशी आई म्हणाल्या, “शेवंती, आज मणी तूच बघ,” त्या दिवशी वाटलं होतं.

आणि मग वैजू. धाकट्या दिराची, भालूची बायको. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. भालू वास्कोला बंदरात नोकरीला, शनिवारी येई, सोमवारी जाई. ती आपली घरात गुणगुणत फिरायची, जात्यावरच्या ओव्या म्हणायची. तिच्याबद्दल मनात आणावं असं काहीच नव्हतं. पाडव्याच्या आगेमागे एकदा ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. एकदम लाटणं टाकून म्हणाली, “आई, भाण लागतंय खाली.” चाळीस पावलांवरची भट्टी. मी भाणासमोर बसलेली, मला काही कळलं नव्हतं. आईंनी लंगडत येऊन आग ओढली. खरंच लागत होतं.

त्या दिवसापासून “वैजू, वास बघ गो” सुरू झालं. ती दारात उभी राहायची, जवळसुद्धा यायची नाही. पदर नाकाशी धरून म्हणायची, “कालच्यापेक्षा हलका आहे.” “यात पावसात भिजलेले बोंडू आहेत.” आणि तसंच निघायचं. कधी थेंबसुद्धा जिभेला लावायची नाही. मला वाटायचं, किती हा ताठा! आम्ही चटके घेऊन शिकायचं आणि हिनं दारात उभं राहून नाकपुडी हलवायची.

मी तिच्यावर डोळा ठेवू लागले. ती कधी उठते, काय खाते, कुणाशी हसते. आई तिला ताटात काय जास्त वाढतात. तिनं दोन कैऱ्या खाल्ल्या तर मी दोन मोजायची. ती दुपारची निजली तर “राणीसरकार निजल्या” असं मनात म्हणायची. एका रात्री नवरा म्हणाला, “अगो, तुझं तोंड असं का झालंय? दात दुखतो काय?”

“हो,” मी म्हटलं. “दातच.”

तर त्या रविवारी मी दांडा फिरवत होते. वैजू समोर पाटावर बसून बादलीत बर्फ आणि मीठ घालत होती, एक थर याचा, एक थर त्याचा, मी शिकवलं होतं तसं. तिनं हळूच ओवी धरली. आमच्याकडे ओवीवर फेरे मोजतात. एक ओवी, वीस फेरे.

दांडा फिरे गरागरा, थेंब साचे डब्याला
थोरल्या जावेची सावली माझ्या कोवळ्या कोंबाला

“कुठली गो ही?” मी विचारलं.

“आत्ताच सुचली.”

“लोणी बरं लावता येतं तुला.”

ती लाल झाली. “लोणी नाही वहिनी.”

ओसरीवरून आई म्हणाल्या, “ओवीसुद्धा जोडते! या पोरीला देवानं काय द्यायचं ठेवलंय सांग?” आणि बाजूला बसलेल्या बाबलमामांकडे, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाकडे, वळून खालच्या आवाजात म्हणाल्या. खालचा आवाज त्यांना कधी जमला नाही. “माझं ठरलंय रे बाबल. नाक शिकवून येत नाही. बाकीचं शिकवता येतं.”

दांडा माझ्या हातात थांबला.

“थकलात?” वैजू म्हणाली. “द्या, मी फिरवते.”

“तू जा. पेले पूस जा.”

ती गेली. अंगण भरलं होतं. नणंदेची मुलं फणसाला लोंबकळत होती, बाबलमामा कुणाला तरी पत्त्यात फसवत होते, आणि माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

पॉटाच्या बादलीला वरच्या बाजूला एक भोक असतं. बर्फ वितळला की खारं पाणी त्या भोकातून बाहेर वाहून जातं. ते बुजलं तर पाणी चढत चढत आतल्या डब्याच्या झाकणापर्यंत येतं आणि फटीतून आत शिरतं. म्हणून दर ओवीला ते भोक मोकळं आहे ना, ते पाहायचं. हे मीच वैजूला दाखवलं होतं. आता मी नारळाच्या सोडणाचा चिमूटभर काथ्या घेतला, त्याची गोळी केली आणि अंगठ्यानं त्या भोकात दाबली.

मग दांडा फिरवत राहिले. अंगणात ठिबकणारी खाऱ्या पाण्याची धार थांबली, बादलीतलं पाणी चढलं, झाकणाच्या कडेला लागलं. माझे हात असे चालले होते, जणू दुसऱ्याच कुणाचे.

वाळूवरून चालल्यासारखा आवाज आला तेव्हा मी हाक मारली, “झाला गो तुझा भुगा!”

तुझा हा शब्द मी मुद्दाम मोठ्यानं म्हटला.

वैजूनं झाकण उघडलं आणि वाकली. वाकली ती तशीच राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बादलीकडे. मग त्या भोकाकडे. माझी नजर तिथून हलेना. तिनं बोटानं काथ्याची गोळी काढली आणि पाण्याची पिचकारी तिच्या पायावर उडाली.

पहिला पेला राखणदाराचा, जागा राखणाऱ्या देवाचा. तो तिनं फणसाच्या बुंध्याशी ओतला. दुसरा घरातल्या थोरल्या माणसाचा. तो घेऊन ती ओसरीकडे निघाली. मी मनात म्हणत होते, पाड तो पेला. अडखळ. आणि त्याच वेळी म्हणत होते, जा, दे, थुंकू दे त्यांना.

आईंनी घोट घेतला. कपाळाला आठी पडली. जीभ टाळ्याला लावून त्यांनी डोळे मिटले. अंगण गप्प झालं. पहिल्या घोटाला आमच्याकडे सगळे गप्पच होतात.

“याच्यात मीठ आहे,” आई म्हणाल्या.



आईंनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा, मोठा. पेला उलटा केला आणि तळाशी चिकटलेला भुगा बोटानं काढून चाटला.

“बाबल, इकडे ये. हे बघ.”

बाबलमामांनी पेला संपवला आणि डोक्यावरची टोपी काढली. “गोदाताई, तीस वर्षं आम्हाला साखरपाणी पाजलंस की गो! हुर्राक म्हटलं की माणूस मीठ-मिरची घेऊन बसतो, आणि आपल्या भुग्यात मीठ घालायचं कुणाच्या टाळक्यात आलं नाही!”

एकच गलका झाला. पेले पुढे आले. मुलांना कोरं कोकम आणि मोठ्यांना भुगा, दुसरा पेला, तिसरा पेला. कुणीतरी वर हिरवी मिरची चिरून टाकली. मी दांडा धरून तशीच बसले होते. मला धड रडूही येईना.

“मीठ कुणी घातलं?” आईंनी विचारलं.

वैजू अंगणाच्या मध्यावर उभी होती. तिनं पदर नाकाशी धरला होता.

“वहिनींनी,” ती म्हणाली.

“तू नाहीस?”

“मी नाही. मला सुचलं नसतं. वहिनींनीच.”

आई माझ्याकडे बघत राहिल्या. “मला न विचारता?”

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा. त्या खांबाला धरून उठल्या, ओसरीच्या पायरीपर्यंत आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मघाशी मी काय बोलले ते बाबलनं विसरावं. नाक देवानं दिलेलं असतं, पण चालत आलेली रीत मोडून बघायला छाती लागते. एवढी छाती माझ्यातसुद्धा नव्हती. पुढल्या वर्षी आग शेवंतीची.”

टाळ्या झाल्या. नवऱ्यानं लांबून मान डोलावली. नणंद येऊन गळ्यात पडली. मी तोंड उघडलं असतं तर तेव्हाच. मी उघडलं नाही. आज एकोणीस वर्षं ती आग माझ्या हातात आहे. ती आली ती अशी.

गर्दीतून वैजू दिसेना. मी पॉट सोडून घरामागे गेले. माडाला एका हातानं धरून ती ओकत होती. पोटात काही नव्हतंच, नुसते उमासे.

“किती प्यायलीस?” मी विचारलं. माझा आवाज कडक आला. दुसरा कुठला आवाज मला तेव्हा येतच नव्हता.

“थेंब नाही.” तिनं चूळ भरली. “वास. एवढे पेले एकदम. पाडव्यापासून असंच होतंय, वहिनी. भट्टीचा वास तर डोक्यातच जातो. चाळीस पावलांवरून जातो. सगळ्याचाच येतो. तुमच्या केसांतल्या तेलाचा येतो, चिमीच्या पाटीवरच्या खडूचा येतो.”

मी तिच्याकडे पाहिलं. माझी नजर तिच्या तोंडावर गेली, मग तिनं पोटाशी धरलेल्या हातावर. कैऱ्या. दुपारची झोप. दारातूनच परतणं. जिभेला न लावलेला थेंब.

“कितवा?” मी विचारलं.

“तिसरा सरतोय.”

मी एका लेकराची आई. चिमीच्या वेळी मला आठ दिवस निवडुंगाच्या फुलाचासुद्धा वास यायचा, आणि निवडुंगाला वास नसतो. या पोरीकडे मी दोन महिने पाहत होते. इतकं बारकाईनं मी आयुष्यात कुणाकडे पाहिलं नव्हतं. तिचे घास मोजले होते. तरी हे मला दिसलं नव्हतं.

“सांगितलं का नाहीस गो? भालूला तरी ठाऊक आहे?”

“त्यांना आहे. बाकी कुणाला नाही.” ती माडाला पाठ टेकून खाली बसली. “कार्तिकात एक गेलं, माहेरी गेले होते तेव्हा. तिथे सगळ्या गल्लीला सांगून बसले होते मी आनंदानं. पंधरा दिवसांत गेलं. आई म्हणाली, दृष्ट लागली. तेव्हाच ठरवलं, या वेळी तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.”

“घरातल्यांनासुद्धा नाही? इथे कोण दृष्ट लावणार होतं तुला?”

पायावर उडालेल्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग ती नखानं खरवडत राहिली.

“बोल ना.”

“तुम्ही रागवाल.”

“नाही रागवणार.”

“तुमचीच भीती वाटायची, वहिनी,” ती म्हणाली. “तुम्ही सारख्या बघायच्या.”

पुढच्या अंगणात बाबलमामांनी कसलं तरी गाणं धरलं होतं, आणि पोरं ओरडत होती.

“मग माझं नाव का घेतलंस?” मी विचारलं. “तुला कळलं होतं. झाकण काढलंस तेव्हाच.”

“कळलं होतं. राग आला होता. आईंनी थुंकलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं.” ती पुसटशी हसली. “पण सगळे चाटूनपुसून खायला लागले. आणि मला ती आग नकोच होती. कुणी विचारलंच नाही मला. मी रोज नवस करत होते, आईंच्या तोंडून माझं नाव निघू नये म्हणून. एकदा बाळ झालं की कुठलं नाक आणि कुठलं काय! मग मला काय सांगता आलं असतं त्या भाणासमोर?”

मी उठले.

“कुठे निघालात?”

“बस इथेच. हलू नको.”

स्वयंपाकघरात जाऊन मी मूठभर मीठ घेतलं, चिमूटभर मोहऱ्या आणि तीन सुक्या मिरच्या. परत आले तर वैजूनं माझी मूठ पाहिली आणि पदर सारखा करून, मांडी घालून, पूर्वेला तोंड करून बसली. लहान मुलीसारखी दिसत होती. बाविसावं वर्ष, लहानच होती.

मी मूठ तिच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरवू लागले.

“वाटेवरच्याची. उंबऱ्यावरच्याची. पाणवठ्यावरच्याची, बाजारातल्याची. भुकेल्याची, पोट भरलेल्याची. हसत आलेल्याची, रुसून गेलेल्याची…”

लहानपणापासून मी हे ऐकत आले होते. चिमीवरून शंभर वेळा म्हटलं होतं, आणि एका दमात म्हटलं होतं. त्या दिवशी पाचव्या फेऱ्याला मी थांबले.

“थोरल्या जावेची,” मी म्हटलं.

वैजूनं डोळे मिटून घेतले. मी उरलेले फेरे पूर्ण केले. प्रत्येक फेऱ्याला तेवढंच म्हटलं, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.

न्हाणीघराच्या चुलीत सकाळचे निखारे राखेखाली धगधगत होते. वैजू माझ्या मागोमाग आली आणि दारात उभी राहिली.

“आत टाकू नका वहिनी,” ती म्हणाली. “मिरचीचा ठसका आला तर मी परत ओकणार. मला आता साधी फोडणीसुद्धा सोसत नाही.”

“येऊ दे. ठसका आला तर बरंच. म्हणजे दृष्ट लागलेली नाही.”

मी राख बाजूला सारली आणि मूठ निखाऱ्यावर उघडली. मीठ तडतडलं. मोहऱ्या उडाल्या. मिरच्या आधी फुगल्या, मग सुरकुतल्या, मग लाल होऊन काळ्या पडत गेल्या, आणि त्यांचा निळसर धूर त्या एवढ्याशा खोलीत भरून आढ्याला लागला.

मी श्वास रोखून धरला होता. वैजूनं नाकाशी धरलेला पदर हळूच खाली घेतला आणि ती छाती भरून श्वास घेत राहिली. एकदा, दोनदा, तीनदा.

ठसका काही आला नाही.